हिरडा, हिराकस आणि कातीव लाकूड

१९७९ साली मी मुंबईत एका लेथच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, तीन लेथ, भुशाचा ढीग आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, देव्हाऱ्याचे खांब, असं कातीव काम निघायचं. मिस्त्री कामाला वाघ होता. त्याच्या हातात पटाशी आली की लाकूड लोण्यासारखं सुटायचं.

एकदा देव्हाऱ्यांची मोठी ऑर्डर आली. व्यापाऱ्याला खांब काळे पाहिजे होते. शिसवी परवडत नव्हतं म्हणून आंब्याचं आणि बाभळीचं लाकूड काळं करून द्यायचं. बाजारातली काळी पूड स्पिरिटमध्ये कालवून लावली. पॉलिशचा बोळा फिरवला की रंग बोळ्यावर यायचा. हातावर काळं, कपड्यावर काळं, आणि खांब मात्र भुरकट. मिस्त्री वैतागला. मी बोललो, "मिस्त्री, हिरडा उकळून लावू. वाळला की वरनं हिराकसाचं पाणी."

एका तुकड्यावर करून दाखवलं. हिरड्याच्या पाण्यानं लाकूड जरा पिवळसर झालं. वाळल्यावर हिराकसाचं पाणी फिरवलं, आणि बघता बघता तुकडा करडा, मग निळसर, मग काळा ठिक्कर पडला. कानसपेपर मारला तरी हटेना. रंग लाकडात गेला होता.

मिस्त्री खूश. पाठीवर थाप मारली आणि सहज विचारलं, "कुठं शिकलास रे हे?"

मी माठाकडे बघितलं. त्या माठातलं पाणी मी रोज सगळ्यांच्या बरोबरीनं पीत होतो. मी म्हणालो, "शाळेत. सायन्सचे मास्तर होते, त्यांनी शिकवलं."

खोटं होतं ते. मला हे बानं शिकवलं होतं. बा ढोर. कातडी कमावणारा. त्या एका वाक्यात मी बापाचं नाव पुसून त्या जागी एका न झालेल्या मास्तराचं नाव लिहिलं. हा लेख त्या खोट्याची परतफेड आहे. पण फक्त माझ्या बापापुरता नाही. लाकडावरच्या रंगाचा आणि विस्तवाचा इतिहास मी नंतर वाचत गेलो, तसतसं लक्षात आलं की असं नाव पुसणं सगळीकडे झालेलं आहे. मी घाबरून पुसलं. बाकीच्यांनी निवांत बसून पुसलं.

आमच्या घरी काय चालायचं ते आधी सांगतो. मेलेल्या जनावराचं कातडं आलं की ते चुन्याच्या पाण्यात बुडवायचं. केस सैल झाले की खरवडून काढायचे. चुना धुऊन टाकायचा. मग कातडं पखालीसारखं शिवायचं, आत बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा कुटार भरायचा, पाणी ओतायचं आणि टांगून ठेवायचं. तांबूस पाणी थेंब थेंब खाली घमेल्यात गळायचं, ते पुन्हा वरनं ओतायचं. साल संपली की नवी भरायची. दिवसच्या दिवस हे चाले. याला कमावणं म्हणतात. मराठी भाषेनं पैसा मिळवण्याला आणि कातडं टिकाऊ करण्याला एकच शब्द दिला. भाषा कधीमधी खरं बोलते.

मी सातआठ वर्षांचा असताना त्या पाण्यात लोखंडाचा खिळा टाकला. पोरपणा. सकाळी कातड्यावर शाई सांडावी तसा काळा डाग. बानं कानाखाली ओढली. मग जवळ बसवून सांगितलं, "हिरड्याच्या पाण्याला लोखंड चालत न्हाई. लोखंड पडलं की काळं होतंय. पर आपल्याला काळंच पायजे आसलं, तर मग हिराकस मुद्दाम लावायचा." डाग पडला तर नुकसान, आणि ठरवून पाडला तर रंग. सगळं रसायनशास्त्र बानं त्या दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्याला अक्षर येत नव्हतं.

पुस्तकात हेच असं लिहितात. हिरड्यात, बाभळीच्या सालीत, ओकच्या गाठीत एक तुरट द्रव्य असतं, त्याला टॅनिन म्हणतात. ते कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट बांधतं, म्हणून कातडं सडत नाही. त्याच टॅनिनची लोखंडाच्या क्षाराशी गाठ पडली की निळसर काळं संयुग तयार होतं. हिराकस हा लोखंडाचाच क्षार. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईनं पोथ्या, करार, कायदे लिहिले, ती शाई म्हणजे ओकच्या गाठींचा अर्क आणि हिराकस. म्हणजे आमच्या कातड्यावरचा डागच. कागदावर पडला तर विद्या, लाकडावर पडला तर कलाकुसर, आणि कातड्यावर पडला तर विटाळ. पदार्थ तोच, फक्त तो लावणारा हात कुणाचा यावर सगळं ठरतं.

लाकडावर हे कसं चालतं तेही नीट समजून घेऊ, कारण कारागिराचं डोकं त्यातच दिसतं. बाभूळ किंवा ओकसारख्या लाकडात टॅनिन मुळातच असतं. त्याला नुसतं लोखंडाचं पाणी लावलं तरी ते काळं पडतं. आंब्यासारख्या फिक्या लाकडात ते कमी, म्हणून आधी हिरडा पाजायचा आणि मग हिराकस. आता ज्या लाकडात नैसर्गिक नक्षी असते, लहरी असतात, गाठी असतात, भोवरे असतात, तिथं आणखी एक गंमत होते. अशा लाकडाचे तंतू सरळ जात नाहीत. नागमोडी वर येतात, खाली जातात. लेथवर गोल कातलं की काही ठिकाणी तंतू आडवा पडलेला दिसतो, आणि काही ठिकाणी त्याचं तोंड उघडं पडतं. उघड्या तोंडातनं रंग जास्त पितो, तिथं गडद होतं. आडव्या तंतूत रंग कमी जातो, तिथं फिकं राहतं. मग वरवर घासून काढलं की फिक्या जागेवरचा रंग निघतो, खोल गेलेला राहतो. त्यावर दुसरा रंग दिला की लहर उठून दिसते. झाडानं शंभर वर्षं अंगात दडवलेली रेघ रंगारी वर आणतो. तो नवीन नक्षी काढत नाही, आहे ती दाखवतो. हे काम डोळ्याचं आहे, धीराचं आहे, आणि किती घासायचं हे हाताला कळावं लागतं.

अमेरिकेत पेनसिल्वेनियाच्या बाजूला अठराव्या शतकात लांब नळीच्या बंदुका बनत. त्यांचे दस्ते लहरीदार मेपलचे. मेपल मूळचं पांढरट. ते रंगवायला नायट्रिक ॲसिडमध्ये लोखंडाचा कीस विरघळवायचे, ते पाणी दस्त्याला पुसायचे आणि तापलेली सळई जवळ धरायचे. उष्णता लागली की हिरवट डाग एकदम तांबूस तपकिरी होई आणि वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारख्या लहरी उमटत. रंग आणि आग यांची ही जोडी जुनी आहे. नुसता रंग लाकडावर बसतो, आग त्याला आत पाठवते.

काळ्या रंगाची गोष्ट इथं संपत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काळ्या केलेल्या लाकडाची फॅशन आली. खरं एबनी महाग, म्हणून बीचसारखं साधं लाकूड काळं करायचं. १८७०च्या आसपास विल्यम मॉरिसच्या कंपनीनं 'ससेक्स' नावाची खुर्ची विकायला सुरुवात केली. गवताची बैठक, लेथवर कातलेले बारीक दांडे, आणि वर काळा रंग. मॉरिस पुढं समाजवादी झाला, कारागिराच्या बाजूनं लिहिलं-बोलला. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण ती खुर्ची ससेक्स परगण्यातल्या खेड्यातल्या जुन्या खुर्चीवरनं घेतलेली होती. ती पहिली खुर्ची ज्या खेडवळ कातारी माणसानं कातली त्याचं नाव कुठं नाही. नाव परगण्याचं राहिलं, कंपनीचं राहिलं.

आणि काळं करायला वापरत काय? त्या काळात लाकूड काळं करण्याची एक ठरलेली रीत म्हणजे लॉगवूडचा काढा आणि लोखंडाचं पाणी. लॉगवूड हे मध्य अमेरिकेतलं झाड. कांपेचे आणि बेलीझच्या दलदलीत ते उगवतं. अठराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी तिथं आफ्रिकेतनं गुलाम आणून त्यांच्याकडनं ही झाडं तोडून घेतली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तोडायचं, सोलायचं, लाल गाभा वाहून न्यायचा. बेलीझमधली गुलामगिरी १८३८ साली पूर्णपणे संपली. लॉगवूडचा व्यापार त्यानंतरही चालू राहिला. काळ्या माणसांनी तोडलेल्या लाकडानं गोऱ्यांच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्या काळ्या झाल्या. ते काळेपण शोभेचं होतं. माणसाचं काळेपण मात्र बाजारात उभं करून विकायचं होतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरचं तांबडं घमेलं आठवलं. समुद्रापलीकडची ती माणसं मला परकी वाटली नाहीत.

आता विस्तवाकडे येतो. कातीव लाकडावर आग दोन तऱ्हेनं चालते. एक, लाकूडच जाळायचं. दुसरी, लाख वितळवायची. दोन्हीत निखारा लागत नाही. फिरणाऱ्या लाकडाच्या घर्षणातनंच आग निघते.

पहिली तऱ्हा आमच्या शेडमध्ये रोजची. लाटण्याच्या टोकाला किंवा खांबाच्या मानेला बारीक काळी रेघ दिसते ना, ती रंगाची नसते. आधी पटाशीच्या टोकानं तिथं खाच पाडायची. लेथ जोरात फिरत असताना त्या खाचेत लोखंडी तार ताणून धरायची. दोनचार सेकंदांत धूर येतो, जळका वास येतो आणि रेघ काळी होते. सरळ, एकसारखी, कधी न पुसणारी. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधायच्या असतात. बोटाला तार गुंडाळायची नसते. आमच्यातल्या एका पोरानं घाईत गुंडाळली. तार खांबाला अडकली आणि लेथ थांबायच्या आत बोटाचं पेर गेलं. मालकानं दोन दिवसांची रजा दिली, पगार कापून. ते खांब ठरल्या दिवशी व्यापाऱ्याकडे गेले. कुणाच्या तरी घरी त्या रेघेच्या वर देव बसला असेल.

दुसरी तऱ्हा लाखेची. ही आपल्या देशाची खास कला, आणि तिची केंद्रं आजही आहेत. कर्नाटकात चन्नपट्टण, आंध्रात एटिकोप्पाका, गुजरातेत संखेडा. आपल्याकडे सावंतवाडी, तिथली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी आणि लाखेच्या कामासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाकाला लाकूड एकच, काळ्या कुड्याचं. पांढरं, बारीक पोताचं, हलकं. लाकूड वाळवून लेथवर कातायचं. रंग घातलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची. घर्षणानं लाख तापते, वितळते, लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून ती सारखी करायची, म्हणजे आरशासारखी चकाकी येते. दाब कमी पडला तर लाख चिकटत नाही, जास्त पडला तर करपते. किती दाबायचं हे पुस्तकात लिहिता येत नाही. ते मनगटात असतं, आणि मनगट वर्षानुवर्षं घडतं.

पंजाबात पाकपट्टण, डेरा इस्माईल खान या गावांचं लाखेचं कातकाम एकोणिसाव्या शतकात नावाजलेलं होतं. १९०३ साली दिल्लीला जे मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या ग्रंथात जॉर्ज वॉट यानं या कामाचे प्रकार नोंदवून ठेवलेत. एक अब्री, म्हणजे ढगाळ. वेगवेगळ्या रंगांची लाख ठिपक्याठिपक्यानं लावत जायची, म्हणजे ढग दाटल्यासारखी किंवा लहरीदार दगडासारखी नक्षी दिसते. झाडात लहर नसली तरी माणूस ती लाखेनं आणतो. दुसरा नक्शी. पिवळा, तांबडा, हिरवा, काळा असे लाखेचे थर एकावर एक चढवायचे आणि मग टोकदार सळईनं ओरखडायचं. थोडं ओरखडलं तर हिरवं दिसतं, जरा खोल गेलं तर तांबडं, आणखी खोल गेलं तर पिवळं. केसाएवढ्या जाडीत चार रंग, आणि हाताला माहीत की कुठं थांबायचं. रंग म्हणजे हरताळ, हिंगूळ, नीळ, काजळ. हरताळात सोमल आहे, हिंगुळात पारा आहे. पिवळ्या रंगाचा भुगा कारागिराच्या छातीत जायचा, हे प्रदर्शन बघायला आलेल्या कुणाला दिसलं नसणार.

पण लाख येते कुठून? इथं लाकडाच्या इतिहासानं मला पुन्हा आमच्याच माणसांत आणून सोडलं. लाख हा एका बारक्या किड्याचा स्राव. कुसुंब, पळस, बोर या झाडांच्या फांद्यांवर तो वाढतो. छोटा नागपूरचे मुंडा, उरांव, मध्य भारतातले गोंड आणि कितीतरी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ही लाख काढतात. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही निघते. फांदी तोडायची, लाख खरवडायची, कुटायची, धुवायची. धुतल्यावर तांबडं पाणी निघतं, तो लाखेचा रंग. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तो रंग विलायतेला जायचा, लाल कापडासाठी. १८५६ साली पर्किननं डांबरापासून रंग काढला, आणि पुढच्या काही दशकांत कारखान्यांतल्या रंगांनी लाखेच्या रंगाला बाजारातनं हाकललं. मग तांबडं पाणी गटारात आणि उरलेल्या राळेला भाव, असा उलटा हिशेब झाला.

त्या राळेचा चपडा कसा करत तेही ऐका. मिर्झापूरला आणि बंगाल-बिहारच्या कारखान्यांत भट्ट्या असत. लांबच लांब कापडी पिशवीत लाखेचे दाणे भरायचे. एक टोक भट्टीसमोर धरून एक माणूस बसायचा. दुसरं टोक दुसरं कुणी पिळत राहायचं, बऱ्याच ठिकाणी ती बाई असे. वितळलेली लाख कापडातनं पाझरायची. ती गोळा करून, पाण्यानं भरलेल्या गरम नळकांड्यावर पसरून तिचा पापुद्रा करायचा. मग तिसरा माणूस तो गरम पापुद्रा उचलून आगीसमोर उभा राहायचा आणि ताणायचा. हातांनी, पायांनी आणि दातांनी. हो, दातांनी. दोन्ही हात वर, पापुद्र्याची खालची कड पायाच्या बोटांत आणि मधली दातांत. तो ताणून ताणून कागदासारखा पातळ झाला की त्याचे तुकडे करायचे. तोच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार पॉलिश करतो. बालगंधर्वांच्या गाण्याच्या जुन्या काळ्या तबकड्या ज्या मसाल्याच्या होत्या, त्यातही हीच लाख. १९२१ साली लिंडसे आणि हार्लो या दोन साहेबांनी या धंद्यावर सरकारी अहवाल लिहिला. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणाऱ्या संस्थेचा पाया घातला गेला. किड्यावर संशोधन झालं, झाडावर झालं, बाजारभावावर झालं. दातांवर कुणी केलं?

आणि धर्मानं या लाखेचं काय केलं? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणानं काय विकू नये याची यादी आहे. त्यात मांस, लाख आणि मीठ एका दावणीला बांधलेत. ते विकणारा ब्राह्मण लगेच पतित होतो म्हणे. म्हणजे लाख मांसाच्या पंगतीला. विकली तर पाप. पण लाखेनं चकाकणारा पाळणा घरात आला तर मंगल, बांगडी हातात आली तर सौभाग्य. माल पवित्र आणि माल करणारा अपवित्र, हा हिशेब कातड्याला होता तसाच लाखेलाही होता. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. विस्तवाचा तेवढा चांगला उपयोग आपल्या इतिहासात फार थोड्यांदा झाला असेल.

लाख आणि आग म्हटलं की सगळ्यांना लाक्षागृह आठवतं. पांडवांना जाळायला दुर्योधनानं लाखेचं घर बांधवलं, पांडव भुयारातनं सुटले, असं आपण लहानपणी ऐकलं. पण त्या घरात जळलं कोण? आदिपर्वात लिहिलेलं आहे. एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे. त्या रात्री कुंतीनं ठेवलेल्या जेवणाला आले होते, पिऊन तिथंच झोपले. सकाळी सहा जळकी मढी सापडली आणि लोकांनी समजून घेतलं की पांडव मेले. महाकाव्य पांडवांच्या मागनं जंगलात गेलं. निषाद बाईचं नाव विचारायला कुणी परत वळलं नाही. लाखेचं घर चकाकलं, जळलं, आणि त्यात जळलेल्यांची नावं राखेत गेली. लाखेचा इतिहास असा सुरू होतो.

१९३६ साली बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेनं श्रमिकांचीच कशी वाटणी केली हे दाखवून दिलं. मला त्याचा अर्थ आमच्या घमेल्यात दिसतो. कातारी, चितारी आणि ढोर यांचं ज्ञान शेजारशेजारचं. हिरडा एकच, लोखंड एकच, विस्तव एकच. तिघं एका ओसरीवर बसले असते तर या देशात रंगाची केवढी मोठी विद्या उभी राहिली असती. पण ओसरीवर तिघांना बसायचीच सोय नव्हती. कातारी गावात, ढोर गावाबाहेर. ज्याला काळा रंग हवा होता त्याला तो शंभर पावलांवर मिळाला असता. पण शंभर पावलं चालायची नव्हती, म्हणून बाजारातली पूड आणायची. जातीनं माणसं तोडली हे आपण म्हणतोच. तिनं विद्यासुद्धा तोडली. तिचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका घरात कोंडला, आणि घर मेलं की तुकडा मेला.

आज कारागिरीचं कौतुक पुष्कळ होतं. चन्नपट्टणच्या खेळण्यांना २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, एटिकोप्पाकाला २०१७ साली. एटिकोप्पाकाला वनस्पतींपासून निघणारे रंग लाखेत पुन्हा आणण्यासाठी झटलेल्या सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. चांगलं झालं. विषारी रंग पोरांच्या तोंडात जाऊ नयेत हे कामही मोठं आहे. पण मानांकन गावाला मिळतं. गावाच्या आतली आळी, आळीच्या बाहेरची वस्ती, वस्तीपलीकडचं जंगल, जिथनं हिरडा येतो, लाख येते, ते कागदावर येत नाही.

मागच्या वर्षी नातीला घेऊन एक वस्तुसंग्रहालय बघायला गेलो. काचेच्या कपाटात पाळण्याचे कातीव खांब होते. वर लाखेचे पट्टे, मध्ये जाळून काढलेल्या काळ्या रेघा, तळाला काळा रंग. खाली पाटी. संस्थानाचं नाव होतं, शतक होतं, देणगी कुणी दिली त्या सरदार घराण्याचं नाव होतं. नात म्हणाली, "आजोबा, हे कुणी केलं ते कुठं लिहिलंय?" मी म्हणालो, "लिहिलंय की. त्या काळ्या रंगात लिहिलंय, पण ते वाचायला शिकावं लागतं." नंतर मला माझीच लाज वाटली. मोठा शहाणा मी. मला विचारलं होतं तेव्हा मी तरी कुठं वाचून दाखवलं?

म्हणून आज लिहितो. तो मिस्त्री हयात आहे की नाही मला ठाऊक नाही. असेल तर त्याला सांगायचं आहे: मिस्त्री, सायन्सचे मास्तर कुणी नव्हते. ती कृती माझ्या ढोर बापाची. तुमच्या देव्हाऱ्याचे खांब आमच्या कातड्याच्या रंगानं काळे झाले, आणि देवानं काही तक्रार केली नाही. माठ तेव्हाही बाटला नव्हता.

कृती अशी. लिहून घ्या. हिरडे भरडून रात्रभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी मातीच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात उकळायचे. लोखंडाची कढई घ्यायची नाही. गाळून लाकडाला दोन हात द्यायचे, पूर्ण वाळू द्यायचं. हिराकस कोमट पाण्यात विरघळवून दुसऱ्या फडक्यानं लावायचा. एकाचं फडकं दुसऱ्यात बुडवायचं नाही. काळं पडलं की पुसून वाळवायचं, हलकं घासायचं, हवं तर पुन्हा एक हात. वरनं तेल. झालं. बाची कृती. मी फक्त लिहून काढली.

वाचणाऱ्यांना एकच सांगणं. तुमच्या घरात अशी एखादी कृती असेल. चुन्याची, चाकाची, वादीची, सुपाची, वाद्याच्या कातड्याला शाई भरायची, केरसुणीची. आजी असेल, आजोबा असतील, तोवर विचारून घ्या. मोजमापासकट लिहा. आणि खाली कृती कुणाची ते लिहा. नावानिशी लिहा. कुणी विचारलं कुठं शिकलास, तर मास्तराचं नाव सांगू नका.